राणीला कसलं दुःख?



मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक संपत आली होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, दोघींचे कर्जाचे हप्ते वहीत चढले. चहा यायचा होता. तेवढ्यात एकीच्या लेकीनं मोबाईल पुढे केला. उघडी मोटार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी, आणि मोटारीत राजा-राणी. राणीच्या अंगात पांढरा झगा, डोक्यावर हिऱ्यांचा मुकुट. सगळ्या जणी मोबाईलवर वाकल्या. "काय नशीब काढलंय बाईनं!" एक म्हणाली. आणि हात हलवता हलवता राणीनं डोळे पुसले.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू हसल्या. म्हणाल्या, "अगं, राणीला कसलं दुःख?"

सगळ्या हसल्या, चहा आला, विषय तिथंच संपला. पण काकूंचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. ती मिरवणूक जपानची होती, १० नोव्हेंबर २०१९ची, टोकियो शहरातली. राणीचं नाव मासाको. त्या क्षणी त्यांचे डोळे का भरून आले, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण त्या मोटारीत बसण्याआधी सासरच्या राजवाड्यात त्यांची २६ वर्षं कशी गेली, हे जगजाहीर आहे. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट लांबच्या देशाची आहे, पण ऐकताना मध्येच तुम्हाला कुणाची तरी आठवण येईल. आम्हाला आली. ती कुणाची, ते शेवटी सांगतो.

शिकलेली, नोकरी करणारी मुलगी

मासाको ओवादा यांचा जन्म ९ डिसेंबर १९६३चा. वडील जपानच्या परराष्ट्र खात्यात अधिकारी. बदलीच्या गावी बिऱ्हाड हलायचं, तसं यांचं बिऱ्हाड देशोदेशी हलत राहिलं. लहानपण मॉस्को आणि न्यूयॉर्कमध्ये गेलं, पुढचं शिक्षण अमेरिकेत झालं. १९८५ मध्ये हार्वर्ड या नावाजलेल्या विद्यापीठातून त्या अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. मग टोकियोत येऊन कायद्याचा अभ्यास केला आणि परराष्ट्र खात्याची अवघड परीक्षा पास झाल्या.

तो काळ लक्षात घ्या. नोकरीत बाईला समान संधी द्या, असं सांगणारा कायदा जपानमध्ये लागू झाला १९८६ मध्ये. मासाको नोकरीला लागल्या १९८७ मध्ये. पुढे खात्यानं त्यांना शिकायला इंग्लंडला ऑक्सफर्डलाही पाठवलं. परत आल्यावर अमेरिकेशी चाललेल्या व्यापाराच्या बोलणीत त्यांचं काम असायचं. म्हणजे स्वतःच्या हुशारीवर उभी राहिलेली, आपल्या कामात रमलेली बाई.

१९८६ मध्ये एका समारंभात जपानचे राजपुत्र नारुहितो यांनी त्यांना पाहिलं. मागणी घातली. मासाकोंनी नकार दिला, आणि तोही एकदाच नाही. राजवाड्यात जायचं म्हणजे नोकरी सोडायची, हे त्यांना माहीत होतं. नारुहितो मात्र थांबून राहिले. मी आयुष्यभर सगळ्या ताकदीनिशी तुमचं रक्षण करीन, असा शब्द त्यांनी दिला. शेवटी डिसेंबर १९९२ मध्ये मासाको हो म्हणाल्या. ९ जून १९९३ रोजी लग्न झालं. मासाकोंच्या अंगावर एकावर एक बारा थरांचा जड पोशाख होता. सगळ्या जगानं ते लग्न टीव्हीवर पाहिलं. मुली म्हणाल्या, नशीब असावं तर असं.

एक बारीकशी गोष्ट सांगतो, तिच्यातच पुढचं सगळं आलं. लग्न ठरल्यावर दोघं पत्रकारांसमोर बोलले. त्यात मासाको नवऱ्या मुलापेक्षा काही सेकंद जास्त बोलल्या. त्यावरसुद्धा टीका झाली, की नवरीनं इतकं बोलायचं?

नाव गेलं, काम गेलं

आपल्याकडे लग्न झालं की रेशनकार्डावरनं नाव कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतं. जपानच्या राजघराण्यात याहून पुढची रीत आहे. राजघराण्याला आडनावच नसतं. सून आली की माहेरच्या कुटुंबाच्या नोंदवहीतून तिचं नाव निघतं आणि राजघराण्याच्या वेगळ्या वहीत चढतं. ओवादा हे नाव गेलं. राजघराण्यातली माणसं मतदानही करत नाहीत. कुठं जायचं, कधी जायचं, कुणाला भेटायचं, हे सगळं ठरतं ते राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या एका सरकारी खात्यात.

कामही गेलं. समारंभाला हजर राहायचं, पूजाविधी करायचे, पाहुण्यांना नमस्कार करायचा, हसून हात हलवायचा. परदेशी पाहुण्यांशी बोलणं हे तर मासाकोंचं शिक्षण. आपल्या देशासाठी ते काम करता येईल, अशी त्यांची उमेद होती. पण परदेश दौरे फार थोडे वाट्याला आले. २००२ मध्ये बऱ्याच काळानंतर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जायचं ठरलं. त्या वेळी त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की परदेशी जाता येणार नाही या गोष्टीची सवय करून घ्यायला मला पुष्कळ प्रयास पडले. किती मोजून-मापून बोललेलं वाक्य! आपल्याकडची एखादी बाई विचारल्यावर "चाललंय बरं" म्हणते ना, तसं. ऐकणाऱ्याला कान असला तर सगळं कळतं.

मग सुनेकडून घराण्याला हवं तरी काय होतं? एकच गोष्ट. मुलगा.

जपानच्या १९४७ च्या राजघराण्याच्या कायद्यात लिहिलं आहे, की गादीवर पुरुषच बसेल. आणि त्या घराण्यात १९६५ नंतर मुलगा जन्मलाच नव्हता. १९६५ चा मुलगा म्हणजे नारुहितोंचा धाकटा भाऊ. त्यामुळे लग्न झाल्यापासून साऱ्या देशाचं लक्ष मासाकोंच्या पोटाकडे. आपल्याकडे शेजारच्या दोघी-तिघी विचारतात, "काही गोड बातमी?" मासाकोंना हे विचारणारे वर्तमानपत्रवाले, टीव्हीवाले, अधिकारी, सगळेच. १९९९च्या डिसेंबरात एका वर्तमानपत्रानं बातमी फोडली की मासाकोंना दिवस गेले असावेत. अजून नीट खात्रीही व्हायची होती. त्याच महिन्याच्या अखेरीला गर्भपात झाला. मैत्रिणींनो, ज्या दुःखात बाई घरातल्यांपासूनही तोंड लपवते, ते दुःख त्यांना सगळ्या देशासमोर सोसावं लागलं.

लग्नानंतर आठ वर्षांनी, १ डिसेंबर २००१ रोजी, मुलगी झाली. नाव आइको. देशभर आनंद झाला. पण त्याच्या मागोमाग पुढचा प्रश्न आलाच. मुलगा कधी? मुलगी पुरती दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा राजघराण्याच्या खात्याच्या प्रमुखानं पत्रकारांसमोर सांगितलं की अजून एक मूल व्हायला हवं. घरातल्या सासूनं नव्हे, सरकारी साहेबानं!

आधी शरीर बोललं

२००३च्या डिसेंबरात मासाकोंना नागीण उठली. दवाखान्यात ठेवावं लागलं.

नागीण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही तोंडं मिळाली की माणूस दगावतो, असं आपल्याकडे बोलतात. ते खरं नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातल्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, आजारपणानं अंगातली ताकद कमी झाली, किंवा फार ताण पडला, की तो पुन्हा जागा होतो. डॉक्टरांकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेलं, तर गोळ्यांनी चांगला उतार पडतो. म्हणून नागीण उठली तर आधी दवाखाना गाठायचा.

मासाकोंची नागीण बरी झाली, पण त्या उभ्या राहू शकल्या नाहीत. कार्यक्रमांना जाणं बंद झालं. २००४च्या सुरुवातीच्या महिन्यांत त्या लेकीला घेऊन डोंगरातल्या आपल्या माहेरच्या घरी राहायला गेल्या. तिथं आई जवळ होती. राजवाड्यात सगळं असताना ही बाई आईकडे का गेली, असं आम्ही विचारणार नाही. तुम्हीही विचारणार नाही.

नवरा बोलला

राजवाड्याच्या भाषेत सगळं ठीक होतं. "थकवा आहे, विश्रांती चालू आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडली नवऱ्यानं.

१० मे २००४. नारुहितो एकटेच युरोपच्या दौऱ्यावर निघाले होते. निघण्याआधी पत्रकार समोर होते. नारुहितो म्हणाले, की मासाकोंनी दहा वर्षं या घराच्या रीतीशी जुळवून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांदेखत त्या पार थकून गेल्या आहेत. आणि त्यांचं आधीचं काम, त्यांचं माणूस म्हणून असलेलं व्यक्तिमत्त्व, हेच नाकारलं गेलं, अशा गोष्टी घडल्या आहेत.

एवढं बोलल्यावर देशभर खळबळ उडाली. जपानमध्ये युवराज असं बोलत नसतो. धाकट्या भावानं पुढे जाहीरपणे म्हटलं, की हे बोलायच्या आधी निदान वडिलांशी तरी बोलायला हवं होतं. अगदी आपल्या घरातल्यासारखं झालं बघा. मुलानं बायकोची बाजू घेतली, तर घरातली माणसं म्हणतात, "घरातलं घरात ठेवायचं होतं, चारचौघांत कशाला?"

पण चारचौघांत बोलल्यामुळेच पुढची गोष्ट घडली. त्याच वर्षी जुलैमध्ये दुखण्याला नाव मिळालं. मासाकोंना मनाचा आजार आहे, त्यावर उपचार चालू आहेत, असं राजघराण्याच्या खात्यानं स्वतः जाहीर केलं. आजाराचं नाव ॲडजस्टमेंट डिसऑर्डर.

"ॲडजस्ट कर" म्हणतात, तो हा शब्द

हा इंग्रजी शब्द आपल्या घरात केव्हाच आला आहे. "थोडं ॲडजस्ट कर गं, सगळ्याच करतात." लग्नात लेकीची पाठवणी करताना आपणच म्हणतो. आता याच नावाचा आजार असतो म्हटल्यावर तो नीट समजून घेऊ.

नवं घर, बदली, आजारपण, कुणी जाणं, कर्ज, घटस्फोट, मूल न होणं. आयुष्यात असं काही येतं तेव्हा मनावर ताण येतोच. काही दिवस रडू येतं, जेवण जात नाही, मग हळूहळू माणूस सावरतो. पण कधी ताण मनाच्या सहनशक्तीच्या पलीकडे जातो. अशा वेळी झोप उडते किंवा उठावंसंच वाटत नाही. भूक मरते. डोकं, पाठ, अंग दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही. चिडचिड होते, धडधडतं, साध्या कामाचा डोंगर वाटतो, माणसांत जाऊ नये असं वाटतं. रोजचं काम अडायला लागलं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली. या आजारात ताणाच्या जागेपासून दूर गेलं की बाईला बरं वाटू शकतं. मासाको कधी बाहेर जेवायला गेल्या, कधी लेकीला घेऊन बर्फात खेळायला गेल्या, तर मासिकांनी लिहिलं: फिरायला बरी असते, मग समारंभालाच कशी आजारी पडते? आळशी आहे, नाटक करते. आता सांगा, हे वाक्य आपल्याकडे कुणी बोललं नाही? "माहेरी गेली की हसते-खेळते, सासरी आली की डोकं धरून बसते." याला आपण नाटक म्हणतो. आजार ओळखणारा डॉक्टर म्हणेल, की दुखणं कुठून येतंय त्याची हीच खूण आहे.

दुसरी. ताण संपला की हा आजार बहुतेक वेळा काही महिन्यांत ओसरतो. पण ताण संपलाच नाही तर? मासाकोंचं सासर बदलणार नव्हतं. कायदा बदलत नव्हता. मग आजारही लांबला. वर्षानुवर्षं त्यांच्या वाढदिवसाला डॉक्टर निवेदन काढत राहिले, की उपचार चालू आहेत, तब्येतीत चढ-उतार आहेत. औषध घेऊनही लवकर बरी होत नाही म्हणून बाईला बोल लावण्याआधी एवढं विचारायचं, की ज्यानं आजार आणला ते अजून घरात आहे का?

एका घरातल्या तिघी

आता तुम्ही म्हणाल, ही एकटी मासाको नाजूक असेल. म्हणून तिच्या सासूची गोष्ट ऐका.

सासूबाई मिचिको. त्यांचे वडील पिठाच्या मोठमोठ्या गिरण्यांचे मालक. पैसा भरपूर, पण घराणं सरदारांचं नाही. १९५९ मध्ये त्यांचं लग्न युवराज अकिहितोंशी झालं. साध्या घरातून आलेल्या त्या पहिल्याच युवराज्ञी. लोकांना फार आवडल्या. राजवाड्यात मात्र जुन्या वळणाच्या माणसांना ही सून पसंत नव्हती. १९६३ मध्ये त्यांचा गर्भपात झाला. त्यानंतर त्या इतक्या खचल्या, की समुद्राकाठच्या घरी एकटं राहून विश्रांती घ्यावी लागली. आणि १९९३ मध्ये, मासाको सून म्हणून आल्या त्याच वर्षी, मासिकांमधून मिचिकोंवर टीकेची झोड उठली. ऑक्टोबरात, स्वतःच्या वाढदिवसाच्या दिवशी, त्या कोसळल्या. शुद्धीवर आल्या, पण वाचा गेली होती. पुढचे काही महिने देशाच्या सम्राज्ञीला बोलता येत नव्हतं.

विचार करा. नवी सून घरात येऊन चार महिने झालेत, आणि सासूबाईंची वाचा बंद.

तिसरी माको, मासाकोंच्या दिराची मुलगी. तिनं सामान्य घरातल्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलाच्या आईच्या पैशांच्या व्यवहारावरून चार वर्षं मासिकांनी छळलं. लग्नाआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तिलाही मनाचा आजार झाल्याचं जाहीर करावं लागलं. राजघराण्यातून बाहेर पडणाऱ्या मुलीला सरकारकडून मोठी रक्कम मिळते. तीही नको म्हणून ती लग्न करून घराबाहेर पडली.

एका विहिरीचं पाणी पिऊन तिघी आजारी पडल्या, तर तिघींच्या पोटाला दोष देऊन भागत नाही. विहिरीचं पाणी तपासावं लागतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. त्या राजवाड्यातही आहेत, फक्त धूर बाहेर दिसू देत नाहीत.

मुलाचं काय झालं?

शाळेत शिकलेलं पुन्हा एकदा सांगतो, कारण ते घराघरांत विसरलं जातं. मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं. बाईकडून दर वेळी एकाच प्रकारचं गुणसूत्र येतं, ज्याला एक्स म्हणतात. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. यात बापाचाही दोष नाही, कारण ते कुणाच्या हातात नाही. जपानच्या युवराजाला आणि आपल्या गल्लीतल्या माणसाला नियम एकच.

जपान सरकारलाही प्रश्न पडला होता. २००५ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं सांगितलं, की मुलगा असो वा मुलगी, पहिल्या अपत्याला गादी मिळावी. म्हणजे आइको पुढे सम्राज्ञी होऊ शकली असती. कायदा बदलायची तयारीही सुरू झाली. पण २००६च्या सुरुवातीला धाकट्या जावेला, किको यांना, दिवस गेल्याची बातमी आली. ६ सप्टेंबर २००६ रोजी त्यांना मुलगा झाला, हिसाहितो. घराण्यात जवळजवळ ४१ वर्षांनी जन्मलेला मुलगा. कायद्याची फाईल बाजूला पडली. ती आजतागायत पुढे सरकलेली नाही.

आइको आता मोठी झाली आहे. २०२४ मध्ये पदवी घेऊन ती जपानच्या रेडक्रॉस संस्थेत नोकरीला लागली. गादीवर तिचा हक्क नाही. आणि आजच्या कायद्याप्रमाणे सामान्य घरात लग्न केलं तर तिला राजघराणंही सोडावं लागेल. लेक म्हणजे परक्याचं धन, हे तिथं कायद्यातच लिहिलेलं आहे.

हळूहळू उभारी

मासाको एका रात्रीत बऱ्या झाल्या नाहीत. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या राणी बिअॅट्रिक्स यांनी त्यांना कुटुंबासह दोन आठवडे आपल्याकडे राहायला बोलावलं. या राणीच्या नवऱ्यालाही पूर्वी नैराश्याचा आजार झाला होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पुढे २०१० मध्ये आइको शाळेत वर्गातल्या मुलांच्या दांडगाईमुळे घाबरली, तर मासाको रोज तिच्याबरोबर शाळेत जाऊन बसल्या. त्यावरही टीका झाली. पण त्या गेल्या. २०१३ मध्ये, अकरा वर्षांनंतर, त्या पुन्हा सरकारी परदेश दौऱ्यावर निघाल्या, त्याच नेदरलँड्सला.

१ मे २०१९ रोजी नारुहितो सम्राट झाले. गादीचा पहिला विधी झाला, तेव्हा त्या दालनात राजघराण्यातल्या एकाही बाईला प्रवेश नव्हता. मासाकोंनाही नाही. रीत आडवी आली. पण त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष पत्नीसह पाहुणे म्हणून आले. मासाको दुभाष्याशिवाय त्यांच्याशी इंग्रजीत सहज बोलत होत्या. जे काम १९९३ मध्ये सुटलं होतं, ते त्यांच्या हातात परत आलेलं लोकांनी पाहिलं.

आणखी एक गोष्ट आपल्या रेशीम करणाऱ्या मैत्रिणींना आवडेल. जपानची सम्राज्ञी राजवाड्याच्या आवारात रेशमाचे किडे पाळते, आपल्या हातानं त्यांना तुतीचा पाला घालते. हे काम मिचिको सासूबाई करायच्या. २०२० पासून मासाको करतात.

आजही त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं डॉक्टर म्हणत नाहीत. उपचार चालू ठेवून त्या काम करतात. साखरेची गोळी घेत घेत आपण शेतात जातो, तसंच.

आता आमची गोष्ट

सुरुवातीला म्हटलं होतं, कुणाची आठवण आली ते सांगतो. तिला विचारूनच सांगतोय.

आमच्या गटात एक जण आहे. नवऱ्याला पगाराची नोकरी, स्लॅबचं घर, दारात गाडी. दोन मुली. दुसरी मुलगी झाल्यावर ती बैठकीत गप्प बसायला लागली. मग यायचीच बंद झाली, बचत मुलीच्या हाती पाठवायची. आम्ही वहीत 'गैरहजर' लिहीत राहिलो. तीन बैठकी झाल्यावर नियमाप्रमाणे दंडही लावला.

एकदा ती रस्त्यात भेटली. डोळे खोल गेलेले. आम्ही विचारलं, "काय गं, झालंय तरी काय?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत आम्हीच पुढे म्हणालो, "तुला काय कमी आहे? आमच्याकडे बघ, पत्र्याच्या घरात राहतो." ती हसली आणि निघून गेली.

पुढे तिच्या भावानं तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. औषध सुरू झालं. आता ती बैठकीला येते, कधी कधी येत नाही. दंड आम्ही परत केला. एकदा ती म्हणाली, "त्या दिवशी मी सांगणार होते. तुम्ही विचारलंत आणि तुम्हीच उत्तर देऊन टाकलंत."

मैत्रिणींनो, काकूंचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच होता. "राणीला कसलं दुःख?" आणि "तुला काय कमी आहे?" ऐकायला प्रश्न वाटतात, पण आहेत तोंड बंद करणारी वाक्यं. गरिबीचं दुःख खरंच असतं. पण घर, दागिना, गाडी यांच्या मोजपट्टीनं मनाचं दुःख मोजता येत नाही. मासाकोंकडे राजवाडा होता. नव्हतं ते स्वतःचं काम, स्वतःचा आवाज आणि मुलाशिवायची किंमत.

म्हणून आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत. सलग दोन बैठकी कुणी आली नाही, तर दंड लिहायच्या आधी दोघींनी घरी जाऊन यायचं. गेल्यावर तुलना करायची नाही, उपदेश करायचा नाही. "झोप लागते का? जेवण जातं का?" एवढं विचारून गप्प बसायचं. ती बोलली नाही तर पुन्हा जायचं. बोलली तर ते गावभर करायचं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप, भूक, काम यांचं बिनसलं असेल, तर दवाखान्यात नेताना सोबत जायचं. आणि जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं, तर ते कधीच हसण्यावारी न्यायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही.

मनाच्या आजारासाठी सरकारचा फोन नंबर आहे १४४१६, नाव टेलिमानस. फोनला पैसे पडत नाहीत, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. आणि दुःखाचं कारण घरातली मारहाण असेल तर महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. हे दोन्ही नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या वहीत गेल्या सहा महिन्यांत कुणाच्या नावापुढे सारखं 'गैरहजर' लिहिलंय? तिच्या घरी कुणी गेलं होतं का?

२. "ॲडजस्ट कर" हे आपण लेकीला, सुनेला कधी सांगतो? तेवढंच मुलाला सांगतो का?

३. नारुहितो बोलले तसं आपल्या घरात बाईच्या बाजूनं कोण बोलू शकेल? त्या माणसाशी आपण बोललो आहोत का?

परवा बैठकीत ही सगळी गोष्ट आम्ही काकूंना सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी थोरली सून गेल्या महिन्यापासून जेवत नाही गं नीट. मी म्हटलं, नखरे आहेत." आणि चहा न घेताच उठून घरी गेल्या.

पुन्हा भेटू. तोवर एकमेकींची विचारपूस करत राहा. नमस्कार.